वाऱ्याच्या वेळापत्रकाने

ज्या विमानतळावर सहा वर्षांत एकही विमान उतरलेलं नाही, तिथल्या व्यवस्थापकाला काम काय असतं? भालचंद्र सामंतांना विचारा. धावपट्टीवर वाळत घातलेली मासळी संध्याकाळी उचलायला लावायची, व्हॉलीबॉलचे खांब डांबरात रोवू नका म्हणून पोरांशी हुज्जत घालायची आणि दर सोमवारी उतारूंच्या वजनकाट्याला तेल पाजायचं. काट्यावर चढणारं कुणी उरलं नव्हतं, पण गंजलेला काटा सामंतांना बघवत नसे.

हा मालवणचा गृहस्थ पंचवीस वर्षांपूर्वी एका विमान कंपनीच्या करारावर प्रशांत महासागरातल्या ओलेमाऊ बेटावर आला, तो दोन वर्षांसाठी. मग तेबोरा भेटली, लग्न झालं, सुरंगी झाली आणि मालवण फोनपुरतं राहिलं. ओलेमाऊ म्हणजे पोवळ्याच्या खडकाची एक चिंचोळी पट्टी, तिच्यावर नारळ, चारशे माणसं आणि एक धावपट्टी. अशीच मूठभर बेटं मिळून तिथलं चिमुकलं राष्ट्र झालेलं. राजधानी फेनारो नऊशे किलोमीटरवर, मध्ये नुसतं पाणी. इतक्या लांब, आठवड्याला सात-आठ उतारूंसाठी विमान उडवणं कुठल्याच कंपनीला परवडेना. एके दिवशी विमान गेलं ते गेलंच. उरलं दोन महिन्यांतून एकदा येणारं मालवाहू जहाज, तेही हेलकावे खात नऊ दिवस घेणारं.

त्या शेवटच्या विमानाने सुरंगी शिकायला फेनारोला गेली आणि तिच्याबरोबर तेबोराची आई तेकाई, कंबरेचं मोडलेलं हाड बसवून घ्यायला. आजी तीन आठवड्यांत परतणार होती. ती तिकडेच राहिली. जहाजाचे हेलकावे तिच्या कंबरेला सोसणारे नव्हते. सुरंगी शिकली, बँकेत लागली, आजीला सांभाळू लागली. पण घरी एकदाही आली नाही. आली असती तर परत कधी निघता येईल याचा भरवसा नव्हता. फेनारोत राहणाऱ्या ओलेमाऊच्या सगळ्यांचंच तसं होतं. "विमान नाही ना," असं म्हणून ते उसासा टाकायचे आणि दुसऱ्या विषयाकडे वळायचे.

आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की तेकाईचं हृदय थकलंय, फार तर दोन महिने. तिचं एकच म्हणणं होतं. मला माझ्या अंगणात मरायचंय.

अशा वेळी एका नव्या कंपनीचा निरोप आला. चाचणीचं विमान मंगळवार ते गुरुवार यांच्यामध्ये कधीतरी ओलेमाऊला येईल, वारा असेल त्याप्रमाणे.

"कधीतरी?" सामंत फोनवर खवळले. "ही काय कुडाळची एसटी आहे?"

मंगळवारपासून सगळं बेट आवाजाकडे कान लावून होतं. विमान म्हटलं की आधी आवाज येतो, मग भोंगा वाजवायचा, मग मासळी उचलायची, मग पोरांना हाकलायचं, हा तिथला शिरस्ता. बुधवारी दुपारपर्यंत काहीच ऐकू आलं नाही, म्हणून पोरांनी पुन्हा जाळं बांधलं आणि बायकांनी मासळी पसरली. सामंत पडवीत डोळे मिटून पडले होते. तेबोरा समुद्राकडे बघत म्हणाली, "केवढा मोठा पक्षी आहे हो."

सामंतांनी एक डोळा उघडला. खडकांच्या पलीकडे लाटांच्या अंगावरून काहीतरी पांढरंशुभ्र वर उसळलं, हवेत सावकाश वळलं, जणू आता बुडणारच अशा बेताने खाली आलं आणि पाण्याला शिवता शिवता पुन्हा उसळलं. आवाज मुळीच नव्हता. त्या पक्ष्याला खिडक्या होत्या.

"आवशीचो घो!" सामंत उठले आणि भोंग्याकडे धावत सुटले.

भोंगा होईस्तोवर विमान खडकांवर आलं, मासळी आणि व्हॉलीबॉलचं जाळं बघून सरळ वर गेलं आणि मोठी फेरी मारून आलं, तोपर्यंत सगळ्या बेटाची धावपळ उडालेली. ते टेकलं तेव्हाही फक्त चाकांचा चर्र आवाज झाला. लांबच लांब, निमुळते पंख टोकांशी अजून थरथरत होते. लोक जागच्या जागी उभे होते. म्हाताऱ्या पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढून हातात घेतल्या.

दार उघडून सावळी, दणकट बांध्याची एक बाई उतरली. "सामंत साहेब तुमीच काय? मी कॅप्टन अश्लेषा वानखडे. अकोटची."

जगाच्या टोकाला, पाण्याच्या एवढ्या पसाऱ्यात मराठी कानावर पडली तसे सामंत भांबावून म्हणाले, "अकोट? तिथे समुद्र कुठे आहे?"

"नाहीच तर! आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर," ती हसली. "म्हणूनच आली ना बाप्पा एवढ्या लांब."

चहा पिता पिता तिने विमानाचं मर्म सांगितलं. दक्षिणेच्या थंड समुद्रांवर अल्बाट्रॉस नावाचा पक्षी हजारो किलोमीटर जातो आणि पंख क्वचितच हलवतो. त्याचं रहस्य माणसाला पूर्वीपासून ठाऊक होतं. पाण्यालगतचा वारा लाटांना घासून मंद होतो, पण थोडं वर गेलं की तोच वारा जोरात असतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून वर चढतो. चढताना दर हाताला वारा वाढत जातो, म्हणून त्याचा वेग चढणीवरही मरत नाही. वर गेला की वळतो, तो जोरकस वारा पाठीशी घेऊन खाली सूर मारतो आणि पुन्हा मंद हवेत शिरतो, तेव्हा हाताशी जास्तीचा वेग शिल्लक असतो. तेवढ्यावर पुन्हा चढतो. दोन वाऱ्यांमधला फरक हेच त्याचं इंधन.

"मग विमानांना आजवर का जमलं नाही?"

"कारण वारा दिसत नाही," अश्लेषा म्हणाली. हवेत मिठाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. विमानाच्या नाकातला लेसर त्या कणांवर आपटून परत येतो आणि अर्ध्या किलोमीटरवरचा वारा कुठे जोराचा, कुठे ढिला, ते क्षणाक्षणाला सांगतो. पंख सलग नाहीत, त्यांना पिसांसारख्या शेकडो पट्ट्या आहेत आणि त्या वारा येण्याआधीच वळून तयार असतात. उतारूंची खोली आत पाळण्यासारखी टांगलेली, म्हणून पोटात ढवळत नाही. बॅटरी लागते ती उडायला, उतरायला आणि अडीअडचणीला. "विमान मी नाही चालवत भाऊ, वारा चालवते. मी फक्त नाही म्हणू शकते."

"आणि वारा पडला तर?"

"तर वाट पाहायची," ती म्हणाली. "आत्ता जोराचा आहे. पण मोसम बदलून राहिला. तीन-चार दिवसांनी वारा पडला की महिनाभर काही खरं नाही."

म्हणजे तेकाईला आणायचं तर याच फेरीत. सामंतांनी अश्लेषाबरोबर फेनारोला जायचं ठरवलं. निघताना तेबोराने सामंतांना बाजूला घेतलं. "आईला घेऊन या. आणि सुरंगीला ये म्हणू नका. तुम्ही म्हणालात तर ती तुमच्यासाठी येईल आणि मग मनात कुढत बसेल."

"नाही म्हणणार," सामंत म्हणाले.

फेनारोच्या विमानतळावर दुसऱ्या दिवशी सकाळी ओलेमाऊची सगळी माणसं जमली होती, लेकराबाळांसह. चाकाच्या खुर्चीत तेकाई, अगदी वाळलेली, पण डोळे लखलखीत. तिच्यामागे बँकेच्या निळ्या गणवेशात सुरंगी उभी. तिला अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली होती. सामंतांनी तिला सतरा वर्षांची असताना विमानात बसवलं होतं. आता समोर बाई उभी होती, कपाळावर तेबोराची आठी आणि नाक साक्षात सामंतांच्या आईचं.

"बारीक झालात बाबा."

"तू उंच झालीस."

एवढंच झालं, कारण लोक सामान घेऊन पुढे सरकले. ओलेमाऊची एक रीत आहे. घरी परतणारा माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. त्याच्या गोतावळ्यातलं प्रत्येक घर त्याच्या हवाली काहीतरी करतं, जेणेकरून गावातल्या त्या त्या घरी कळावं की तिकडे आपल्याला कुणी विसरलेलं नाही. तेकाईच्या नावाने तांदळाची पोती आली होती, विणलेल्या चटया, खाऱ्या मांसाचे डबे, शिवणयंत्र, छपराचे पत्रे, चर्चची नवी घंटासुद्धा.

आणि इथे सामंतांमधला काटेवाला जागा झाला. वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. विमान लहान, इंधन जड, म्हणून माणूस काट्यावर चढवायचा आणि भेटी खाली उतरवायच्या. किती म्हाताऱ्यांचे शिव्याशाप त्यांनी खाल्ले असतील याची मोजदाद नाही. "फक्त आजी आणि तिची पिशवी," ते हात पसरून म्हणाले. "बाकी सगळं परत न्या. विमानाला झेपायचं नाही." लोकांनी वाद घातला, बायका रडल्या, पण सामंत बधले नाहीत. शेवटी ट्रक भरून सामान शहराकडे परत गेलं. माणसं मात्र निरोपासाठी कुंपणाशी थांबली.

तेकाईला आत निजवलं. अश्लेषाने पडद्यावर नजर टाकली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पडद्यावर तांबडी पट्टी उमटली होती. "सामान कुठं आहे?"

"परत पाठवलं. एक किलोही जास्तीचा नाही," सामंत अभिमानाने म्हणाले.

"काऊन पाठवलं?" ती जवळजवळ ओरडलीच. "येताना वारा पाठीशी होता. आता त्याच्या तोंडावर जायचं आहे. वाऱ्यात केळीचं पान फेकलं तर ते आपल्याच अंगावर येते, नारळ फेकला तर पुढे जाते. मले आज पान नाही पाहिजे, नारळ पाहिजे. ते सामान पाहून मी म्हटलं, चला, वजनाची सोय झाली!"

सामंत मटकन पायरीवर बसले. उभा जन्म विमानं हलकी करण्यात गेला आणि आता हे विमान वजन मागत होतं. ते म्हणाले, "वाळू भरू या."

"किनाऱ्याची वाळू उचलायला इथं बंदी आहे. आणि पाणी तर रेशनवर मिळून राहिलं."

ट्रक आता घरोघर सामान उतरवत फिरत असणार, ते पुन्हा गोळा करून आणायला संध्याकाळ झाली असती. अंधार पडायच्या आत ओलेमाऊला टेकायचं तर आता निघायला हवं होतं. उद्याचा वारा निम्मा आणि परवा काहीच नाही. आत तेकाई छताकडे बघत शांत पडली होती. तिला वाटत होतं, आपण निघालोच.

सामंतांनी कुंपणाकडे पाहिलं. वजन तिथेच उभं होतं. ते वाळूवरून धापा टाकत गेले आणि तिथल्या भाषेत ओरडले, "विमानाला माणसं हवीत! दहा-बारा. तिकीट नाही. जेवढे जड तेवढे चांगले. आत्ता निघायचंय, परत यायला कदाचित महिना लागेल. घरी कोण कोण येतंय?"

सहा वर्षं ज्यांनी घराच्या आठवणीने डोळे पुसले होते, ते एकमेकांकडे बघू लागले. विमान नाही, हे एवढे दिवस किती सोयीचं होतं ते पहिल्यांदाच उघडं पडत होतं. विमान होतं, दार उघडं होतं आणि आता प्रत्येकाला आपलं खरं उत्तर द्यायचं होतं. कुणी मान खाली घातली, कुणी फोन काढला. एक तरुण चक्क मागे वळून चालू लागला.

मग गर्दीतून इओतुआ मास्तर पुढे आले. ओलेमाऊच्या शाळेचे जुने मास्तर, अंगाने दोन माणसांएवढे. "मला बघून विमानवाले नेहमी तोंड वाकडं करायचे," ते गरजले. "सामंता, तूसुद्धा करायचास. आज बोल, माझं वजन चालतं का?"

"धावतं, मास्तर!" सामंतांच्या तोंडून निघालं. लोक हसले आणि कोंडी फुटली. एक विधवा बाई आली, दोन लेकरांना घेऊन. नुकतं लग्न झालेलं जोडपं आलं, बायकोने नवऱ्याचं घर पाहिलेलंच नव्हतं. एक नर्स ड्यूटीचे कपडे न बदलता आली. एकेक जण काट्यावर चढत होता आणि अश्लेषा दारातून बोटांनी खूण करत होती, अजून, अजून. शेवटी तिने एकच बोट वर केलं.

पुढे कुणी येईना. सुरंगी जागची हलली नव्हती. सामंतांनी तिच्याकडे पाहणं टाळलं, पण ती स्वतःच जवळ आली. मराठीत म्हणाली, "बाबा, महिनाभर बँक माझी जागा ठेवणार नाही."

"नाही ठेवणार."

"आणि वारा नाहीच आला तर? मला तिथे अडकायचं नाहीये. मला घर हवंय, पण अडकायचं नाहीये."

खोटं बोलून तिला नेणं सोपं होतं. 'हे विमान येत राहील, मी सांगतो ना' एवढं म्हटलं असतं की झालं असतं. सामंतांनी तोंड उघडलं आणि बोलले ते वेगळंच. "मला ठाऊक नाही, बाय. येत राहील असं वाटतं, पण शपथ घेणार नाही. हे बघ, त्या भिंतीपाशी एक पोतं राहिलंय तांदळाचं. ते टाकलं तरी भागतं. तू वजन म्हणून येऊ नकोस."

सुरंगीने पोत्याकडे पाहिलं. मग विमानाकडे पाहिलं. पंखांच्या टोकांची पिसं वाऱ्याची चाहूल घेत आपोआप हलत होती. "पोत्याला आजीचा हात धरता येत नाही," ती म्हणाली आणि काट्यावर न चढता सरळ आत गेली.

पडद्यावरची पट्टी हिरवी झाली. सामंत तिच्या मागोमाग चढले. पोतं तिथेच राहिलं.

मग जे झालं ते शब्दांत पकडायचा सामंतांनी पुढे पुष्कळ प्रयत्न केला, पण त्यांना ते कधीच नीट सांगता आलं नाही. येताना विमान पानासारखं वाहत आलं होतं. आता ते भरल्या अंगाने वाऱ्याला भिडलं. समोरून वारा रोंरावत येत होता आणि त्याच वाऱ्याच्या बळावर ते त्याच्याच तोंडावर नागमोडी चढत होतं, मालवणच्या शिडाच्या होड्या जातात तसं. उंच गेलं की क्षितिज वाकलेलं दिसायचं आणि चहूकडे निळाई, तिला ना काठ ना तळ. मग विमान कुशीवर वळायचं आणि सगळा समुद्र वर यायचा, इतका जवळ की लाटेच्या माथ्यावरचा फेस फुटताना दिसावा, उडणाऱ्या माशांचे थवे चमकून जाताना दिसावेत. तिथून पुन्हा वर. इंजिनाची घरघर नव्हती. वारा पंखांवरून घसरत होता, फक्त त्याचा एक दीर्घ, खोल श्वासासारखा आवाज.

थोरली माणसं प्रार्थनेला बसल्यासारखी बसली होती. इओतुआ मास्तरांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती. सामंतांना वाटलं, हा वारा जगाच्या सुरुवातीपासून असाच वाहतोय. माणसं जेव्हा होडीत बसून पहिल्यांदा या बेटांवर आली तेव्हाही होता. आपल्या डोक्यावरून रस्ता जात होता आणि आपण मात्र रस्ता नाही म्हणून रडत होतो. त्यांच्या अंगावर काटा आला. भीती नव्हती, पण आपण फार लहान आहोत आणि कुणीतरी आपल्याला अलगद उचललंय, असं काहीसं.

तेकाईने खिडकीला तळवा लावला होता. सुरंगीने तिचा दुसरा हात धरला होता.

"आजी, दुखतंय का?"

"गप्प बस," म्हातारी म्हणाली. "बघू दे."

उन्हं कलताना ओलेमाऊ दिसलं, पाण्यावर ठेवलेल्या हिरव्या दोरीसारखं. या वेळी धावपट्टी मोकळी होती. तिच्या दोन्ही बाजूंना सगळं गाव रांगेने उभं होतं, कारण आता त्यांना ठाऊक होतं की या विमानाची वाट कानांनी नाही, डोळ्यांनी बघायची असते.

लोकांना एक म्हातारी येईल एवढंच माहीत होतं. दार उघडलं आणि माणसामागून माणूस उतरू लागला. मास्तर उतरले तेव्हा गलका झाला. नवी सुनबाई उतरली तेव्हा तिची सासू धावपट्टीवरच बसली. चौघांनी तेकाईची खुर्ची उचलून घेतली. तेबोरा आईच्या पायांशी वाकली, आईने तिच्या केसांत बोटं घातली. मग तेबोराने मान वर केली आणि तिला दारात सुरंगी दिसली.

सुरंगी पायऱ्या उतरून आली, पण आईच्या मिठीत शिरण्याआधी दोन पावलं अलीकडे थांबली. जे सांगायचं ते आधी सांगून टाकावं, म्हणून बहुधा. "आई, मी राहायला नाही आलेय. वारा आला की पहिल्या विमानाने मी परत जाणार."

आजूबाजूची माणसं चपापली.

तेबोराने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कपाळ, नाक, गाल, सगळं बोटांनी चाचपून पाहिलं. मग ती हसायला लागली, मोकळं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"जा की," ती म्हणाली. "जायला मिळतं, म्हणून तर आलीस."